बक्षीस कशाबद्दल?

यंदाच्या वार्षिक पारितोषिक वितरणात मला 'अष्टपैलू कॅडेट' म्हणून छोटी ढाल मिळाली. मार्चच्या शेवटी महानगरी एक्सप्रेसने जबलपूरला उतरलो, ओमतीतल्या घरी पोचलो आणि बॅग उघडून सगळ्यांत आधी ती ढाल आजोबांच्या हातात दिली. आजोबा व्हेईकल फॅक्टरीत फिटर होते. कुठलीही वस्तू हातात आली की ते आधी उलटी करून मागची बाजू बघतात. ढालीची मागची बाजू बघून झाली, मग पुढचा मजकूर वाचला आणि त्यांनी विचारले, "कशाबद्दल मिळाली रे?"

"अष्टपैलू म्हणून."

"ते इथं लिहिलंय. तू केलंस काय?"

मी सांगायला लागलो. वादविवादात तिसरा क्रमांक. क्रॉस कंट्रीत बाविसावा. परीक्षेत चौऱ्याऐंशी टक्के. हाऊसच्या फुटबॉल संघात राखीव खेळाडू, दोन सामन्यांत मिळून पंचवीसेक मिनिटे मैदानावर. एवढे बोलून थांबलो. आजोबा अजून वाट बघत होते, पण पुढे सांगण्यासारखे काही नव्हते.

"चांगलं आहे," असे म्हणून त्यांनी ढाल टीव्हीशेजारी ठेवली आणि ते जेवायला बसले. त्यांनी टोमणा मारला नव्हता. तरी तो प्रश्न सुट्टीभर माझ्या मागे लागला. हा लेख त्याच प्रश्नातून आला आहे.

माझे म्हणणे थोडक्यात सांगतो. वर्षाच्या शेवटी विद्यार्थ्यांचा आणि कर्मचाऱ्यांचा गौरव जरूर करावा. पण प्रत्येक गौरवाबरोबर तो कशाबद्दल आहे हे दोन-तीन वाक्यांत सर्वांसमोर वाचून दाखवावे. ज्याच्याबद्दल अशी वाक्ये लिहिता येत नाहीत, त्याला बक्षीस देण्याआधी पुन्हा विचार करावा. मग तो मी का असेना.

त्याच आठवड्यात माझ्या आत्याचा निरोप समारंभ होता. ती जबलपूरच्या एका सरकारी शाळेत गणित शिकवायची. मध्य प्रदेशात जवळपासच्या सरकारी शाळांचे मिळून एक संकुल असते. अशा संकुलातल्या निवृत्त होणाऱ्या शिक्षकांचा, कर्मचाऱ्यांचा आणि गुणवंत विद्यार्थ्यांचा हा एकत्र कार्यक्रम होता. आजोबा, आई आणि मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. सात जण निवृत्त होत होते. सातही जणांना शाल, श्रीफळ आणि प्रमाणपत्र मिळाले आणि सातही वेळा एकच वाक्य ऐकू आले: "शिक्षा के क्षेत्र में सराहनीय योगदान." पाचव्या वेळी ते वाक्य सुरू झाल्यावर माझ्या पुढच्या रांगेतला एक लहान मुलगा ते आधीच म्हणून मोकळा झाला. लोक हसले. कोणाचा अपमान करावा असे त्या व्यासपीठावरच्या कोणाच्याही मनात नव्हते, हे मला पक्के ठाऊक आहे. त्यांनी सगळे मनापासून केले होते. फक्त एका माणसाचे वाक्य दुसऱ्याला लावले असते तरी काही बिघडले नसते, इतकेच.

कार्यक्रम संपल्यावर दाराशी एक तरुण आत्याच्या पाया पडला. तो आता ई-रिक्षा चालवतो. आठवीत असताना त्याने शाळा सोडली होती, कारण वडील आजारी पडले आणि भाजीच्या हातगाडीवर त्यालाच उभे राहावे लागले. तेव्हा आत्या रोज संध्याकाळी त्याच्या गाडीपाशी जायची आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा तराजूवरच त्याला अपूर्णांक शिकवायची. पाव किलो, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड. असे दोन महिने चालले. तो परीक्षेला बसला आणि पास झाला. आम्हाला यातले काहीच माहीत नव्हते. आत्या घरी सांगायची, "भाजीला जाऊन येते." आजोबा एकदम म्हणाले, "म्हणून त्या वर्षी घरात एवढे बटाटे होते होय!"

आत्या लाजली आणि विषय बदलायला लागली. मला मात्र वाटले, व्यासपीठावर हेच सांगायला हवे होते. सगळे मिळून अर्धे मिनिट लागले असते. त्या सभागृहात जे तरुण शिक्षक बसले होते, त्यांना 'सराहनीय योगदान' कसे करायचे हे कधीच कळणार नाही. पण तराजूवर अपूर्णांक शिकवता येतात हे त्यांना उद्यापासून वापरता आले असते.

घरी परतताना आजोबांनी त्यांच्या फॅक्टरीतली गोष्ट सांगितली. आपल्या लष्कराची जुनी जोंगा गाडी जबलपूरचीच. जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेम्ब्ली या नावातल्या अक्षरांवरून तिचे नाव पडले. आजोबा म्हणाले, "गाडी बाहेर पडताना कार्डावर 'गाडी उत्तम' असं आम्ही कधी लिहिलं नाही. ब्रेक तपासले, कोणी तपासले, कोणत्या तारखेला, खाली सही. नुसतं 'उत्तम' लिहिलेली गाडी तू घाटात नेशील का?"

आपण सैनिकी शाळेत शिकतो, म्हणून पुढचा दाखला सैन्यातलाच देतो. ग्रेनेडियर्स आणि जम्मू अँड काश्मीर रायफल्स या दोन्ही रेजिमेंटची केंद्रे जबलपूरला आहेत, त्यामुळे परमवीर चक्राच्या गोष्टी आम्हा जबलपूरच्या मुलांना लहानपणापासून पाठ असतात. ४ ग्रेनेडियर्सचे अब्दुल हमीद पदाने कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार होते. म्हणजे कंपनीचा शिधा, कपडे आणि सामानसुमान बघणारे. रणगाडाविरोधी तोफेचा अनुभव त्यांना आधीपासून होता. १० सप्टेंबर १९६५ रोजी खेमकरण भागात सकाळी ८ वाजता पॅटन रणगाड्यांसह हल्ला झाला. ९ वाजेपर्यंत रणगाडे आपल्या आघाडीच्या ठाण्यांत घुसले होते. हमीद जीपवर बसवलेली रिकॉइललेस तोफ घेऊन बगलेला गेले. त्यांनी सर्वांत पुढचा रणगाडा निकामी केला, लगेच जागा बदलली आणि दुसरा निकामी केला. तोवर शत्रूला त्यांचा ठावठिकाणा लागला होता. तरी ते आणखी एका रणगाड्यावर मारा करत राहिले आणि तोफगोळा लागून धारातीर्थी पडले.

ही सगळी माहिती त्यांच्या प्रशस्तिपत्रात आहे. वेळ, ठिकाण आणि एकामागून एक कृती. परमवीर चक्र हे पदक स्वतः साध्या ब्राँझचे आहे. त्याचे रेखाटन सावित्रीबाई खानोलकरांनी केले आणि २६ जानेवारी १९५० रोजी ते सुरू झाले. आजवर २१ जणांना ते मिळाले आहे, त्यांत अधिकारी आहेत, तसेच हवालदार आणि शिपाईही आहेत. या पदकाचे वजन धातूत नाही, प्रशस्तिपत्रात आहे. सैन्यात 'मेन्शन इन डिस्पॅचेस' नावाचाही एक सन्मान आहे. मोहिमेच्या अहवालात कामगिरीसाठी नाव आले, हाच तो सन्मान.

आपल्या शाळेतल्या वर्षाची तुलना रणभूमीशी करण्याइतका मी वेडा नाही. पण ज्या सैन्यात जायचे म्हणून आपण पहाटे पाचला उठतो, त्या सैन्याची ही एक सवय आपण अजून उचललेली नाही. बूट चमकवायची सवय उचलली, पण काय केले ते नेमके लिहायची राहिली.

आता जे सांगायला मला अवघड जाते ते सांगतो. आमच्या डॉर्मिटरीत यंदा एका कॅडेटचे उजवे मनगट मोडले. सहा आठवडे प्लास्टर होते. त्या सहा आठवड्यांत आमच्यातलाच दुसरा एक जण रोज सकाळी त्याच्या बुटांच्या नाड्या आणि बेल्ट बांधून द्यायचा आणि रात्री प्रेपनंतर स्वतःच्या वहीबरोबर त्याचीही वही लिहायचा. यात त्याला चार वेळा फॉल-इनला उशीर झाला. चारही वेळा त्याला शिक्षा झाली आणि उशीर का झाला हे त्याने एकदाही सांगितले नाही. माझा पलंग त्याच्या शेजारीच आहे. मी रोज बघत होतो. हाऊस मास्टरांना जाऊन सांगायला मला एक मिनिट लागले असते. मी गेलो नाही. आळस म्हणा, नाहीतर आपल्याला काय करायचे आहे ही भावना म्हणा.

पारितोषिक वितरणात त्याला काहीच मिळाले नाही. तो कुठल्या संघात नाही, टक्केही साठच्या आसपास. मी ढाल घेऊन खाली उतरलो तेव्हा तो जोरात टाळ्या वाजवत होता. बक्षिसाआधी कोणी माझे प्रशस्तिपत्र लिहायला बसले असते, तर तिसऱ्या ओळीला अडले असते. त्याचे लिहायला बसले असते, तर कागद पुरला नसता. निवड करणाऱ्यांचा यात दोष नाही. त्यांच्यापुढे गुण आणि क्रमांक होते. बाकीचे ज्यांना माहीत होते, ते आम्ही गप्प होतो.

यावर आक्षेप येणार हे मला माहीत आहे. पहिला आक्षेप वेळेचा. समजा चाळीस सन्मान आहेत आणि प्रत्येकाला पंचवीस सेकंद लागली, तर सगळे मिळून सतरा मिनिटे होतात. भाषणांतून तेवढी मिनिटे सहज निघतील. भाषणे करणाऱ्या आदरणीय मंडळींनी मला माफ करावे. दुसरा आक्षेप असा, की मुले प्रशस्तिपत्रासाठी चांगुलपणा दाखवायला लागतील. लागू देत. जो दाखवण्यासाठी सहा आठवडे दुसऱ्याच्या नाड्या बांधेल, त्याच्या निदान नाड्या तरी बांधून होतील. आणि शेजारच्या पलंगावर कोणीतरी असतोच. नाटक फार दिवस टिकत नाही. तिसरा आक्षेप मला सर्वांत खरा वाटतो. काहींना आपले काम चारचौघांत वाचलेले आवडत नाही. त्यांना आधी विचारावे आणि नको म्हटले तर वाचू नये.

हेच कर्मचाऱ्यांच्या बाबतीत. आमच्या हाऊसच्या गरम पाण्याचा बंब पेटवणारे काका पहाटे साडेतीनला उठतात, हे मला तीन वर्षे माहीत नव्हते. एकदा ताप आला म्हणून रात्रभर जागा होतो, तेव्हा खिडकीतून दिसले. त्यांचा निरोप समारंभ होईल तेव्हा 'प्रदीर्घ सेवा' हे दोन शब्द त्यांना पुरणार नाहीत. साडेतीन ही वेळ तरी त्यात आली पाहिजे.

म्हणून एक साधी सूचना. प्रत्येक हाऊसमध्ये एक वही ठेवावी. कोणीही कोणाबद्दल त्यात लिहावे, कॅडेटबद्दल, शिक्षकांबद्दल, मेसच्या किंवा मैदानावरच्या कर्मचाऱ्यांबद्दल. काय केले, कधी केले आणि त्यामुळे काय झाले, एवढेच लिहावे. खाली लिहिणाऱ्याची सही असावी, म्हणजे थापा बसणार नाहीत. 'उत्कृष्ट', 'मोलाचे', 'कौतुकास्पद' हे शब्द वहीत चालणार नाहीत. मार्चमध्ये सन्मान ठरवताना गुणपत्रिकेबरोबर ही वहीही समोर असावी. पालकांनाही माझी एक विनंती आहे. रविवारी फोनवर "कितवा आलास?" हे जरूर विचारा, पण त्यानंतर आजोबांचा प्रश्नही विचारा.

वही अजून आलेली नाही, म्हणून पहिली नोंद मी याच पानावर करतो. ज्याच्याबद्दल आहे त्याला विचारले. तो म्हणाला, "नाव घालणार नसशील तर लिही."

इयत्ता नववीतील एका कॅडेटने सहकाऱ्याच्या मनगटाला प्लास्टर असताना सलग सहा आठवडे रोज सकाळी त्याला परेडसाठी तयार केले आणि रोज रात्री त्याच्या वह्या पूर्ण केल्या. यात त्याला चार वेळा शिक्षा झाली. त्याने कारण सांगितले नाही. त्याच्या सहकाऱ्याची एकही परेड चुकली नाही आणि एकही वही अपुरी राहिली नाही. हे मी रोज पाहिले आणि त्या वेळी कोणालाही सांगितले नाही.

खाली माझी सही.