स्मरण तिथीने व्हावे

चैत्र शुद्ध नवमी ही प्रभू रामचंद्रांची जन्मतिथी. समर्थ रामदासस्वामींचा जन्मही याच तिथीस, आपल्या मराठवाड्यातील जांब येथे, शके १५३० मध्ये झाला. या तिथीचे तिसरे भाग्य म्हणजे गीतरामायण. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीस, ग. दि. माडगूळकरांचे पहिले गीत सुधीर फडके यांच्या स्वरात पुणे आकाशवाणीवरून प्रसारित झाले. आठवड्यास एक असा क्रम होता. त्या वर्षी अधिक मास आल्याने गीते ५६ झाली आणि पुढील रामनवमीस, १९ एप्रिल १९५६ रोजी, सांगता झाली.

कलावंतांच्या जयंत्या इंग्रजी तारखेने साजऱ्या होतात, त्यास आमची हरकत नाही. फडके यांची जयंती २५ जुलैस अवश्य व्हावी. परंतु जी कृती नवमीस आरंभिली आणि नवमीसच पूर्ण केली, तिचे स्मरण १ एप्रिलला करण्यात काय औचित्य?

लासूर स्टेशनच्या पंचक्रोशीत जन्मकाळाचे कीर्तन करताना एक खंत वाटते. ध्वनिक्षेपकावर गीते गर्जत असतात, मंडपातील ओठ मात्र मिटलेले! माडगूळकर १९७७ मध्ये गेले, फडके २००२ मध्ये. त्यांचा ठेवा आपण केवळ ऐकावयाचा काय? यंदा पाळण्यापाशी मुलांकडून एक तरी गीत म्हणवून घ्यावे. सूर चुकेल, शब्द अडेल. पुढील नवमीपर्यंत सुधारेल.

जय जय रघुवीर समर्थ!