आधी माणसे मोजा



आजचा विषय जरा लांबचा आहे, पण मुद्दा आपल्या ओळखीचाच. आमचा भाचा उत्तर इंग्लंडमध्ये असतो आणि तिकडच्या डोंगरी शर्यतींत पळतो, हे नातेवाइकांना ठाऊक आहेच. तिकडे उजाड डोंगरमाथ्यांना ‘फेल’ म्हणतात, म्हणून या ‘फेल रेस’. (आपल्या परीक्षेतल्या नापासाशी संबंध नाही!) परवा फोनवर म्हणाला, “मावशी, पळायला माणसे पुष्कळ आहेत, पण संयोजक म्हणून सही करायला कुणी तयार नाही.” तेव्हापासून डोक्यात जे चालले आहे ते लिहून टाकते.

या शर्यती म्हणजे मुंबई मॅरेथॉनचा थाट नव्हे. प्रवेश फी थोडेसे पौंड. नावनोंदणी गावच्या हॉलमध्ये किंवा शेताच्या कडेला. वाटेवर बऱ्याचदा खुणा नसतात. नकाशा आणि होकायंत्र ज्याचे त्याने वापरायचे. डोंगरमाथ्यावर क्लबातलाच कुणीतरी पावसात उभा राहून येणाऱ्यांचे नंबर टिपून घेतो. शेवटी चहा आणि घरचा केक. यात कुणाला दमडीही मिळत नाही.

आता दुसरी बाजू. एप्रिल २०१२ मध्ये लेक डिस्ट्रिक्टमधल्या सेलबेकच्या शर्यतीत एक धावपटू परतला नाही. दुसऱ्या दिवशी त्याचा मृतदेह सापडला. पुढे चौकशीत कळीचा मुद्दा निघाला तो मोजणीचा. वर किती गेले, खाली किती आले? १९७० पासून या शर्यती सांभाळणाऱ्या फेल रनर्स असोसिएशनने मग २०१४ च्या हंगामासाठी सुरक्षेचे नियम नव्याने लिहिले. त्यावरून जुन्या संयोजकांत मोठा वाद झाला. सगळी जबाबदारी आमच्या एकट्याच्या नावावर, तर आम्ही शर्यत घ्यायची कशाला, असे त्यांचे म्हणणे.

मला विचाराल तर मोजणीचा नियम शंभर टक्के बरोबर. मी नोकरीत असताना दरवर्षी शाळेच्या सहली नेल्या. गाडीत चढताना मोजायचे, उतरताना मोजायचे, जेवायला बसवले की पुन्हा मोजायचे. मुले वैतागायची, पण मोजणी कधी चुकवली नाही. पालकांच्या संमतीपत्रांचा गठ्ठाही असायचा, शाळेच्या कपाटात. त्या गठ्ठ्यामुळे हरवलेले मूल सापडत नाही, एवढे मला तेव्हाही कळत होते.

माझे भांडण आहे ते इथे. नियम दोन जातींचे असतात. एक जात डोंगरावरच्या माणसाकडे बघते, दुसरी कोर्टाकडे. पहिल्या जातीत मोजणी, अंगावर वारा-पाऊस अडवणारा कोट, शिट्टी, ठरावीक वेळेनंतर परत पाठवणे. दुसऱ्या जातीत फॉर्म, घोषणापत्रे, सह्या आणि सह्यांच्या प्रती. दुपारी चारला धुके उतरले आणि दोन माणसे कमी भरली, तर यातले काय कामाला येईल? जे येईल ते ठेवा, बाकीचे रद्दीत घाला.

“नियमच नकोत, आमचा जीव आमची जबाबदारी” म्हणणारेही मला पटत नाहीत. चीनच्या गान्सू प्रांतात मे २०२१ मध्ये शंभर किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत १७२ पैकी २१ जण दगावले. हवा अचानक फिरली, गारपीट, गार वारा, आणि अनेकांच्या अंगावर तोकडे कपडे. वाऱ्यापासून वाचवणारे जाकीट तिथे सक्तीचे नव्हते. असा एकच साधा नियम, पण तो नसला की काय होते ते बघा.

बरे, कायदा तरी एवढा भयंकर आहे का? इंग्लंडमध्येच एका सार्वजनिक तळ्यात १८ वर्षांच्या मुलाने उथळ पाण्यात सूर मारला आणि मान मोडून घेतली. पोहायला मनाई आहे असे फलक होते. खटला हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला. २००३ मध्ये निकाल लागला, की यात नगर परिषदेचा दोष नाही, आणि असा उघड धोका कुणी आपखुशीने पत्करला म्हणून तळ्याकाठी येणाऱ्या बाकीच्या लोकांचा आनंद हिरावून घेणे योग्य नाही. २००६ च्या कायद्यात तर लिहूनच ठेवले आहे, की खबरदारीच्या अपेक्षेपायी चांगला उपक्रम बंद पडेल का, याचा विचार कोर्ट करू शकते. म्हणजे न्यायाधीशांना जे कळते ते आपल्या भीतीला कळत नाही.

अर्थात, खटला जिंकला तरी त्यात त्या बिचाऱ्या स्वयंसेवकाची झोप जाते, हे खरे आहे. म्हणूनच जबाबदारी एकाच्या सहीवर टांगू नका. क्लबाने घ्यावी, संघटनेने घ्यावी, विम्याने घ्यावी. आणि ज्या घरचा माणूस गेला त्या घराला खरे काय घडले ते कळलेच पाहिजे. कुणाची सही कुठे आहे हे दाखवून त्या घराचे समाधान होत नाही.

नाहीतर होईल काय? डोंगराची खडान्‌खडा माहिती असलेला म्हातारा संयोजक घरी बसेल आणि त्याच्या जागी फॉर्म छान भरणारा येईल. तोही मिळाला नाही, तर शर्यत बंद. पण पळणारे थांबणार आहेत का? ते जातीलच, एकेकटे, त्याच डोंगरावर आणि त्याच धुक्यात. तिथे मात्र त्यांना मोजायला कुणीही नसेल. सुरक्षेच्या नावाखाली आपण हे मिळवणार असू, तर कठीण आहे.

असो. पटले तर कळवा, नाही पटले तर अवश्य भांडा.