राखीव जागा किती ठेवावी?

संगणकाचा विषय निघाला की आपण वाणिज्य शाखेचे विद्यार्थी तो मुकाट्याने विज्ञान शाखेच्या पदरात टाकतो. माझ्या मते ही सवय बरी नव्हे. संगणकातले कित्येक प्रश्न मुळात हिशेबाचे असतात. त्यांपैकी एक येथे मांडतो.

पुष्कळ ठिकाणी माहितीचा साठा एका यंत्रात असतो व काम करणारी यंत्रे निराळी असतात. त्यांच्यातील देवघेवीसाठी ‘एनव्हीएमई ओव्हर फॅब्रिक्स’ ही पद्धत २०१६ साली ठरली. तीत मूळ आज्ञा अवघ्या ६४ बाइटांची असते. आरडीएमए जोडणीवर ‘हे लिहून ठेव’ अशी आज्ञा आली, म्हणजे साठ्याचे यंत्र मजकूर आणण्यासाठी आणखी एक फेरी करते. मजकूर लहान असेल तर मात्र तो आज्ञेसोबतच धाडता येतो व फेरी वाचते. त्यासाठी साठ्याच्या यंत्राला स्मरणात जागा आधीच राखून ठेवावी लागते.

आपल्या किरकोळ रोकड वहीचाच हा प्रकार. चहा-टपालासाठी कोणी चेक लिहीत बसत नाही. परंतु त्यासाठी पेटीत काढून ठेवलेली रक्कम दुसऱ्या कामाला येत नाही, हेही खरे.

लिनक्समधील आरडीएमए ड्रायव्हरात ही जागा पूर्वी ठरलेली, सामान्यतः ४ केबी होती. २०१८ साली ती १६ केबीपर्यंत वाढवण्याची मुभा मिळाली. मग सरळ १६ का करू नये? हिशेब करून पाहा. एका रांगेत १२८ आज्ञा, प्रत्येक यंत्राच्या ८ रांगा व अशी १०० यंत्रे धरा. ४ केबीने ४०० एमबी स्मरण अडकते. १६ केबीने १६०० एमबी. ते वापरात असो वा नसो, अडकलेलेच.

शिवाय लाभ फक्त लिहिण्याला मिळतो, वाचण्याला नाही. मर्यादेहून मोठा मजकूर आला तर तो सगळाच जुन्या फेरीने जातो. ज्या कार्यालयात वाचनच अधिक, तेथे मोठी राखीव जागा म्हणजे पडून राहिलेले भांडवल होय. उलट लहान लहान नोंदींचा पाऊस पडणाऱ्या ठिकाणी ४ केबीवर अडून बसणे हाही तोटाच. आणि काम चालू असताना हा आकडा बदलता येत नाही. आधी ते प्रवेशद्वार बंद करावे लागते. म्हणून ठरवण्यापूर्वीच मोजले पाहिजे.

कोणी म्हणेल, स्मरण आता स्वस्त झाले आहे, एवढी काटकसर कशाला? माझे उत्तर असे की, साठवणीची पातळी ठरवणारा एक आणि तिच्यासाठी जागा सोडणारा दुसरा, असे नेहमी घडते. सरदार सरोवराची पातळी १३८.६८ मीटर ठरली. २०१९ च्या सप्टेंबरात ते प्रथमच पूर्ण भरले, आणि धार जिल्ह्यातील निसरपूर पाण्याखाली गेले. यंत्रातील काही एमबी आणि माणसांची घरे यांची बरोबरी होऊच शकत नाही, हे मी जाणतो. तरीही विचारायचा प्रश्न एकच आहे : आकडा वाढवला तर जागा कोणाची जाणार, आणि त्याला कोणी विचारले काय?

हा प्रश्न विचारण्यासाठी अभियंता असण्याची गरज नाही. माझ्यासारख्या मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला इंग्रजी पुस्तिका प्रथम जड जातात, शेजारच्या कन्नड माध्यमाच्या मित्रालाही जातात. पण शब्दांचे कवच फोडले की आत जमाखर्चच सापडतो. प्राध्यापकांना माझी नम्र सूचना आहे की, खर्चलेखनाच्या तासाला अशी एखादी उदाहरणे अवश्य घ्यावीत. उद्या कार्यालयात असा आकडा मंजुरीसाठी आपल्या टेबलावर आला, तर त्यावर डोळे मिटून सही करणारे आपण नसावे.