टीएलडी सुरू आहे? मग टॉनिकची वेळ तपासा

एआरटी केंद्रांवर पूर्वी बहुतेक रुग्णांना टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि इफाविरेन्झ यांची एकत्रित गोळी मिळत असे. २०२१ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार इफाविरेन्झच्या जागी डोल्युटेग्राविर आलं. हीच टीएलडी. चक्कर, विचित्र स्वप्नं असे त्रास त्यामुळे बरेच कमी झाले. पण ‘औषधं गरम पडतात, सोबत ताकदीची गोळी हवी’ म्हणून दोन्ही गोळ्या एकदम घेण्याची सवय आता महागात पडू शकते.

कॅल्शियम, लोह, झिंक आणि मॅग्नेशियम पोटात डोल्युटेग्राविरला चिकटतात आणि औषध रक्तात कमी उतरतं. रोज असं झालं तर विषाणू पुन्हा डोकं वर काढू शकतो. मल्टिव्हिटॅमिनच्या बऱ्याच गोळ्यांत ही खनिजं असतात. ॲसिडिटीच्या अनेक पातळ औषधांत मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियम असतं.

म्हणून टीएलडी या औषधांच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यावी. रात्री टीएलडी घेत असाल, तर कॅल्शियम किंवा लोह सकाळी वा दुपारी जेवणानंतर घ्या. वेळ जमतच नसेल, तर कॅल्शियम किंवा लोह टीएलडीसोबत भरपेट जेवणाबरोबर चालतं. ॲसिडिटीच्या औषधाला मात्र ही सवलत नाही. गरोदर स्त्रियांनी लोह-कॅल्शियम बंद करू नये, फक्त वेळ सांभाळावी.

प्रत्येक त्रासावर जीवनसत्त्व हा उपाय नसतो. झिडोवुडिनमुळे रक्त कमी झालं, तर लोहाच्या गोळ्यांनी ते सहसा भरून येत नाही. औषधच बदलावं लागू शकतं. याउलट, क्षयरोग टाळण्यासाठी आयसोनियाझिड चालू असेल, तर सोबत दिलेली बी-६ ची गोळी घ्यायलाच हवी. ती हातापायांना मुंग्या येणं टाळते.

खरी अडचण वेगळीच आहे. हाडांच्या डॉक्टरांना किंवा औषध दुकानदाराला एचआयव्हीबद्दल सांगायला अनेकांना संकोच वाटतो. त्यांना माहीत नसल्यानं ते कॅल्शियम देतात, वेळेचं कुणी बोलत नाही. २०१७ च्या कायद्यानं तुमच्या माहितीच्या गोपनीयतेला संरक्षण दिलं आहे, त्यामुळे डॉक्टरांना शक्यतो सांगा. तेही नको वाटत असेल, तर पुढच्या वेळी घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या एआरटी केंद्रात घेऊन जा आणि कोणती कधी घ्यायची ते विचारून घ्या. तोपर्यंत टीएलडी एकही दिवस चुकवू नका.