हात न जोडण्याचा हक्क आणि शहरियतचा तास

"मास्टरसाब, हमारी बच्ची को शहरियत के पिरेड में मत बिठाव."

दौलताबादच्या किल्ल्याखाली पेरूची गाडी लावणाऱ्या एका बापाने आम्हाला रस्त्यात थांबवून हे सांगितले. माणूस भांडखोर नाही. 'वंदे मातरम्'ला दीडशे वर्षे होत असल्याने ते शाळाशाळांतून पूर्ण गाण्याचे परिपत्रक 2025 च्या ऑक्टोबरअखेर निघाले, ते त्याच्या कानावर आले होते. त्याच्या मनात गीत, प्रार्थना, सूर्यनमस्कार आणि नागरिकशास्त्राचे पुस्तक हे सारे एकाच गाठोड्यात बांधले गेले होते.

हे गाठोडे त्याने एकट्याने बांधले नाही. देशभक्ती म्हणजे हात जोडणे, आणि हात न जोडणारा तो संशयित, असे सांगणाऱ्यांनी पहिली गाठ मारली. दुसरी गाठ आपल्याच लोकांनी मारली. सरकारी शाळेतून जे येईल ते दीनाच्या विरोधात, असे चौकात बसून सांगणारे आपल्याकडे कमी नाहीत. त्यांची स्वतःची मुले कुठे शिकतात, हे विचारू नये!

आधी हक्काचे बोलू. घटनेच्या 28 व्या कलमाचे तिसरे उपकलम सांगते की, सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कोणावरही धार्मिक शिक्षणाची वा उपासनेची सक्ती करता येणार नाही. मूल अज्ञान असेल तर पालकाची संमती लागेल. पालकाची! म्हणजे पेरूच्या गाडीवाल्याचे नाव घटनाकारांनी आधीच लिहून ठेवले आहे. केरळमध्ये 1985 साली यहोवाच्या साक्षीदार पंथातील तीन भावंडांना शाळेतून काढले. राष्ट्रगीताला ती अदबीने उभी राहत, पण गात नसत. सर्वोच्च न्यायालयाने 1986 मध्ये न्या. चिन्नप्पा रेड्डी यांच्या निकालाने त्यांना परत शाळेत बसवले. नाशिकच्या एका शिक्षकाने प्रार्थनेच्या वेळी हात जोडले नाहीत म्हणून त्याची वरची वेतनश्रेणी अडवली गेली. मुंबई उच्च न्यायालयाने 2013 मध्ये ही सक्ती बेकायदा ठरवली. तो शिक्षक मुसलमान नव्हता, हे लक्षात ठेवावे. राष्ट्रगीताला गप्प उभे राहणाऱ्या मुलाला जर संरक्षण आहे, तर दुसऱ्या कोणत्या गीतासाठी ते कमी कसे होईल?

पण हा हक्क आपल्यापुरता नाही. 1938 साली औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजच्या मुलांनी वसतिगृहात प्रार्थनेच्या वेळी 'वंदे मातरम्' म्हटले. निजामाच्या राजवटीने त्यावर बंदी घातली. मुलांनी माघार घेतली नाही. लोण हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठापर्यंत गेले, विद्यार्थी काढून टाकले गेले, आणि त्यांतल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाने आसरा दिला. त्या राजवटीचा अभिमान मिरवणारे आजही आपल्यात आहेत. त्यांना आमचा साधा सवाल आहे : गाणाऱ्याचे तोंड दाबणारे सरकार चूक नव्हते काय? ते चूक म्हणायची तयारी नसेल, तर न गाणाऱ्याचे तोंड उघडू पाहणाऱ्या सरकारला आपण कोणत्या तोंडाने चूक म्हणणार?

आता शहरियतच्या तासाकडे येऊ. स्पेनमध्ये 2006 च्या कायद्याने नागरिकशिक्षण हा विषय सक्तीचा झाला. अनेक कॅथलिक पालकांनी सद्सद्विवेकाचे कारण देऊन मुलांना सूट मागितली. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये सूट नाकारली; मात्र, वादग्रस्त नैतिक प्रश्नांवर सरकारने आपली मते मुलांच्या गळी उतरवू नयेत, असेही बजावले. आम्हाला ही वाटणी पटते. पूजा आणि गीत यांतून माघार घेण्याचा हक्क असावा. कायदा, मतदान, पंचायत आणि हक्क यांचा धडा शिकण्यातून मात्र सूट नसावी. धड्यात पक्षाचा प्रचार शिरला तर तो प्रचार काढा म्हणून भांडावे, मुलीला वर्गाबाहेर काढू नये. सातवीच्या नागरिकशास्त्रात मूलभूत हक्कांचे धडे आहेत. बालभारतीने ते उर्दूतही दिले आहेत. नकार देण्याचा अधिकार ज्या पुस्तकात लिहिला आहे, तेच पुस्तक नाकारून आपली मुलगी उद्या कोणापुढे काय बोलणार? आणि हा अधिकार तिला फक्त सरकारपुढेच लागेल असे नाही. निकाहाच्या वयाआधी शाळा सोडायला लावणाऱ्या घरापुढेही लागेल. काहींना शहरियतची भीती वाटते ती बहुधा यासाठीच.

आम्हा शिक्षकांचीही झडती घ्यावी लागेल. तपासणीला साहेब येणार म्हटले की, "गाऊ नका, पण ओठ हलवा" असे मुलांना सांगणारे आमच्यातच आहेत. आम्हीही सांगितले आहे. नोकरीची भीती होती, हे खरे. पण त्या सकाळी मुले देशभक्तीही शिकली नाहीत आणि ईमानही शिकली नाहीत. शिकली ती फक्त खोटे बोलायला, आणि तेही आमच्याच तोंडून.

त्याच किल्ल्यात भारतमातेचे मंदिर आहे. खिलजी काळातल्या जुन्या मशिदीत ही मूर्ती हैदराबाद संस्थान विलीन झाल्यावर बसली. सहलीला मुले तिथे विचारतात, "सर, आत जायचे का? हात जोडायचे का?" आम्ही सांगतो, खांब बघा, नक्षी बघा, दोन्ही इतिहास वहीत लिहा. हात कोणी धरणार नाही.

त्या बापाला आम्ही गाडीपाशीच उत्तर दिले. गीताच्या वेळी मुलगी गप्प उभी राहिली तर तिला ओठ हलवायला आम्ही सांगणार नाही, कोणी विचारले तर 28 वे कलम दाखवू. शहरियतच्या तासाला मात्र ती आली नाही तर गैरहजेरी लागेल. त्याने पेरू तोलता तोलता विचारले, "वो कलम किताब में है क्या?" आम्ही म्हटले, मुलीलाच वाचून दाखवायला सांगा.