बोट चौघांची, इंजिन कुणाचं?

रेवदंड्याला कुंडलिकेच्या खाडीत आमची बोट उभी असते. परवाना थोरल्या भावाच्या नावावर, मालकी मात्र चौघा चुलतभावांची, प्रत्येकाचे चार आणे. बोट बांधली तेव्हा कागद केला नाही. ‘भावाभावांत कागद कसला?’ असं म्हणण्यात तेव्हा भूषण वाटायचं. मी बँकेत नोकरीला, दर्यावर फारसा जात नसे. म्हणून हिशेबाची वही माझ्याकडे आली.

बाहेरच्या माणसाला वाटतं, बोट घेतली की मासळी आपोआप पैसे आणते. वास्तविक बोट रोज खाते. विक्रीतून आधी डिझेल, बर्फ, ऑइल आणि शिधा वजा होतो. उरलेल्यातला निम्मा आमच्याकडे बोटीचा, निम्मा तांडेल-खलाशांचा. बोटीच्या निम्म्यातून जाळी, दुरुस्ती, कर्जाचा हप्ता. मग राहिलंच काही तर चौघांच्या घरी. डिझेलवरच्या कराचा परतावा मच्छीमार संस्थेमार्फत मिळतो खरा, पण आधी पूर्ण दाम खिशातून मोजावे लागतात, परतावा सवडीने येतो.

त्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. हे ६१ दिवस मिळकत नाही आणि मोठा खर्च नेमका तेव्हाच. बोट वर ओढायची, तळ खरवडायचा, फळ्यांच्या फटी बुजवायच्या, रंग द्यायचा, शिवाय पुढच्या हंगामासाठी खलाशांना उचल द्यायची. जाळं फाटलेलं दिसतं, म्हणून त्याचे पैसे कुणी अडवत नाही. इंजिनाची झीज दिसत नाही. चांगल्या हंगामात आम्ही सगळी शिल्लक वाटून घेतली, कुणी घरावर स्लॅब टाकला, कुणी लग्न उरकलं. इंजिनासाठी पैसा बाजूला ठेवा, असं वही सांभाळणाऱ्या मीसुद्धा म्हटलं नाही.

तीन वर्षांपूर्वी ऐन ऑक्टोबरात इंजिन बसलं. एका भावाकडे पैसे नव्हते. दुसऱ्याला मुलीच्या कॉलेजची फी भरायची होती. तो म्हणाला, ‘माझे चार आणे मोकळे करा.’ किती रुपयांना? चालत्या बोटीच्या भावाने की बंद पडलेल्या? तिसरा भाऊ आदल्या वर्षी वारला होता. त्याच्या बायकोला बैठकीला बोलवायचं, हेच कुणाला सुचलं नाही. ‘बाईमाणसाला दर्यातलं काय कळतं?’ असं थोरल्याने म्हटलं आणि मी गप्प बसलो. वास्तविक आमची मासळी बाजारात नेऊन विकणारी तीच! कोणत्या दिवशी पापलेट काय भावाने गेलं, हे तिला तोंडपाठ.

शेवटी व्यापाऱ्याकडून पैसे उचलले. व्यापाऱ्याचं व्याज दिसत नाही, ते मासळीच्या भावात असतं. माल त्यालाच द्यायचा आणि भाव त्याने ठरवायचा. दोन हंगाम आम्ही असे त्याच्यासाठीच दर्यावर गेलो म्हणा ना!

गंमत म्हणजे जहाजाची मालकी वाटून घेणं जगाला नवं नाही. ब्रिटनमध्ये जहाजाचे ६४ भाग धरतात. आपल्या १९५८च्या कायद्याने दहा धरले होते. भागीदारीचा १९३२चा कायदा सांगतो की वेगळा करार नसेल तर नफा आणि तोटा भागीदारांत समान. पण समान तोटा म्हणजे कुणी कधी किती काढायचे, सोडून जाणाऱ्याला काय द्यायचं, मेलेल्याच्या वाट्याचं काय, हे घरातच ठरवावं लागतं. आणि ते इंजिन धडधडत असताना ठरवायचं. माझं मत विचाराल तर कागद करणं म्हणजे अविश्वास नव्हे. कागद नव्हता म्हणून आम्ही दीड वर्ष एकमेकांच्या ओटीवर चढलो नाही.

आता कागद झाला आहे. बोटीच्या वाट्यातले रुपयामागे दोन आणे इंजिनाच्या खात्यात जायचे, त्याला कुणी हात लावायचा नाही. कुणाला बाहेर पडायचं असेल तर हंगाम संपल्यावर, दोन जाणत्या तांडेलांनी ठरवलेल्या किमतीला आणि पहिला हक्क घरच्यांचा. परवाना कुणाच्याही नावे असो, चार आणे चौघांचे, आणि भागीदार गेला तर ते त्याच्या वारसांचे.

नारळी पौर्णिमेला सह्या केल्या. वहिनीने पेन हातात घेतलं, पण आधी वही मागितली. चष्मा लावून चार पानं उलटली आणि म्हणाली, ‘भाऊजी, मार्चचं बर्फाचं बिल दोनदा धरलंय.’

धरलं होतं. मी ते खोडलं, मग तिने सही केली.