खारें पाणी गोडें झालें, हें ठरवावें कसें?

कनेरगांव नाक्याहून एका वाचकांचें पत्र आमच्याकडे आलें आहे. त्यांची धाकटी कन्या अकोला जिल्ह्यांत, पूर्णेकांठच्या एका खेड्यांत दिलेली असून सध्यां ती बाळंतपणासाठीं माहेरीं आली आहे. व्याही लिहितात कीं, आतां बंधारे झाले, शेततळीं झालीं, नदीचें पाणी पूर्वीसारखें खारट राहिलें नाहीं. तरी सूनबाईस व नातवास फाल्गुनांत खुशाल पाठवावें. कन्या म्हणते कीं, गेल्या वैशाखांत त्याच पाण्याचा चहा तोंडांत धरवत नव्हता. दोहोंपैकीं खरें कोणाचें, असा आमच्या वाचकांचा प्रश्न आहे.

आमच्या मतें दोघेंही खरें बोलत असण्याचा पुष्कळ संभव आहे. व्याही आश्विनांतलें पाणी सांगत आहेत व सूनबाई वैशाखांतलें.

प्रथम प्रदेशाविषयीं थोडें सांगतों. कनेरगांव नाक्याजवळून वाहणारी पैनगंगा ही एके काळीं निजामाचें राज्य व वऱ्हाड यांची सीमा होती. तेथून वाशीम, मालेगांव, पातूर असें जात घाट उतरलें कीं वऱ्हाडचा पायनघाट लागतो, आणि त्याच्या मधोमध पूर्णा वाहते. (ही पूर्णा निराळी. येलदरी व सिद्धेश्वर हीं धरणें जिच्यावर आहेत ती पूर्णा गोदावरीस मिळते. ही पूर्णा सातपुड्यांत उगम पावून चांगदेवाजवळ तापीस मिळते. अकोल्याहून निघालेली आगगाडी पूर्णा स्टेशनावर जाते ती पहिल्या पूर्णेच्या कांठीं, त्यामुळें पुष्कळांचा घोंटाळा होतो.) अमरावती, अकोला व बुलढाणा या तीन जिल्ह्यांत या दुसऱ्या पूर्णेच्या दोन्ही अंगांस सुमारें ४,७०० चौरस किलोमीटरांचा खारपाणपट्टा पसरला आहे. येथें पूर्वीं समुद्र होता, अशी लोकसमजूत आहे. परंतु चिकण काळी माती, तिच्यांतून पाण्याचा न होणारा निचरा, आणि पूर्वेकडून पश्चिमेकडे कमी होत जाणारा पाऊस, एवढ्यावरूनही येथील मिठाचा बराच उलगडा होतो. पाणी उन्हानें उडून जातें, क्षार मागें राहतात व खालीं विहिरींत उतरतात.

आतां मोजण्याचा मुद्दा. आमच्या भगिनींस हा विषय कोणत्याही इंजिनिअरापेक्षां लवकर कळेल. आमटींत मीठ अधिक पडलें तर आपण तींत तांब्याभर पाणी घालतों. खारटपणा जातो, पण मीठ कोठें गेलें? तें पातेल्यांतच आहे. नदीचेंही तसेंच. समजा, उन्हाळ्यांत एखाद्या नदींतून सेकंदाला २ घनमीटर पाणी वाहतें व दर लिटरांत १,२०० मिलिग्रॅम क्षार आहेत. म्हणजे सेकंदाला अडीच किलोग्रॅमांच्या आंतच मीठ वाहून गेलें. श्रावणांत तीच नदी सेकंदाला २०० घनमीटर वाहूं लागली व क्षार २५० वर आले, तर पाणी चवीस गोड लागेल, परंतु मीठ सेकंदाला ५० किलोग्रॅम, म्हणजे वीसपटींहून अधिक, वाहत असेल. म्हणून नुसती चव अगर नुसता लिटरामागचा आंकडा सांगून भागत नाहीं. त्याच वेळीं प्रवाह किती होता, हेंही सांगितलें पाहिजे. प्रवाहाचा फरक हिशेबांतून वजा केल्यावर वर्षानुवर्षें आंकडा उतरत असेल, तरच कांहीं सुधारलें असें म्हणतां येतें.

परंतु सुधारणा झाली तरी ती योजनेमुळेंच झाली हें कशावरून? येथें परदेशचीं दोन उदाहरणें सांगण्यासारखीं आहेत. अमेरिकेंत कोलोरॅडो नदीच्या खारेपणावर १९७४ सालीं खास कायदा झाला. तिची उपनदी डोलोरेस ही पॅरॅडॉक्स नांवाच्या खोऱ्यांतून आडवी जाते व तेथें जमिनींतून तिच्यांत अतिशय खारें पाणी झिरपतें. तें नदींत शिरण्यापूर्वींच उपसून अत्यंत खोल विहिरीवाटे पाताळांत कोंबण्याचें काम १९९६ पासून चाललें. मोजण्याची सोय अशी कीं, खोऱ्याच्या तोंडाशीं एक मापनस्थान व शेवटाशीं दुसरें. दोहोंच्या मिठांतील वजाबाकी म्हणजे त्या खोऱ्यानें घातलेलें मीठ. त्यांत वरच्या पावसाची लबाडी चालत नाहीं. पुढें मार्च २०१९ मध्यें तेथें ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला व उपसा थांबवावा लागला, हा भाग वेगळा. औषधाचाही उपद्रव असतोच.

ऑस्ट्रेलियांतील मरे नदीची गोष्ट आम्हांस अधिक आवडते. तेथें मॉर्गन या एका गांवीं पाण्याची विद्युत्‌वाहकता शंभरांपैकीं पंचाण्णव दिवस ८०० मायक्रोसीमेन्सच्या खालीं असावी, असें ठरविलेलें आहे. पाण्यांत क्षार जितके अधिक तितकी वीज त्यांतून सुलभ वाहते, म्हणून हें माप. प्रत्येक नव्या योजनेचा हिशेब मात्र त्या वर्षाच्या पावसावर करीत नाहींत. १९७५ ते २००० या पंचवीस वर्षांचें पाऊसपाणी जसेंच्या तसें पुन्हां आलें असतें तर योजनेसह नदी कशी वाहिली असती व योजनेविना कशी, हें गणितानें काढून दोहोंतील अंतर वहींत जमा धरतात. ज्या प्रांतानें मीठ वाढविलें त्याच्या नांवें तें खर्चींही पडतें. एकत्र कुटुंबांतील जमाखर्चाची वही याहून निराळी नसते.

आपल्याकडे काय आहे? नानाजी देशमुख कृषि संजीवनी प्रकल्प जागतिक बँकेच्या साहाय्यानें २०१८ मध्यें सुरू झाला व त्यांत खारपाणपट्ट्यांतील ९३२ गांवें घेतलीं. त्याचा मुख्य हेतु शेती सावरण्याचा आहे, नदी गोडी करण्याचा नव्हे. तेव्हां नदीवरून त्यास नापास करणें अन्यायाचें होईल. परंतु हेंही ध्यानांत ठेवावें कीं, २०१८ सालीं राज्यांतील १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला होता व पुढील कांहीं पावसाळे एकंदरीनें बरे गेले. अशा सालीं केलेलें पहिलें माप व चार वर्षांनीं केलेलें दुसरें माप शेजारीं ठेवलें, तर कांहींएक न करतांही पाणी सुधारलेलें दिसेल. प्रकल्पांतील व प्रकल्पाबाहेरील गांवें बरोबरीनें मोजल्याशिवाय यांतून सुटका नाहीं.

आणखी एक विचित्र गोष्ट. जमीन सुधारावी म्हणून जिप्सम घातला व निचऱ्याचे चर खोदले, तर जमिनींतील सोडिअम सुटून नदीकडेच जातो. शेत सुधारतें तेव्हां नदी कांहीं काळ बिघडूं शकते. उलट नदीचें पाणी गोड राहिलें तर मीठ शेतांतच मुरत आहे, असाही अर्थ निघूं शकतो. नेर-धामण्याचा बंधारा व जिगांवचा प्रकल्प यांच्या पाण्यावर उद्यां पाटाची शेती फोफावली व निचरा राहिला, तर काय होईल, याची आम्हांस खरी धास्ती वाटते.

केंद्रीय जल आयोगाचीं मापनस्थानें पूर्णेवर लाखपुरी, गोपालखेड व येरळी येथें आहेत. लाखपुरी वर, येरळी खालीं. मध्यें मोर्णा अकोला शहराचें सांडपाणी घेऊन मिळते, तेव्हां खालीं वाढलेला प्रत्येक क्षार जमिनीचा समजूं नये. तरी या दोन टोकांमधील अंतर, सारख्या महिन्यांत, सारख्या प्रवाहांत, दहा-पंधरा वर्षें पाहिलें तर व्याह्यांचें म्हणणें तपासतां येईल.

आतां नातवाविषयीं. त्यासाठीं नदीचा निकाल लागेपर्यंत थांबण्याचें कारण नाहीं, कारण बाळ पिणार तें पाणी नदीचें नव्हे, घरच्या माठांतलें. भारतीय मानकाप्रमाणें पिण्याच्या पाण्यांत विरघळलेले क्षार लिटरामागें ५०० मिलिग्रॅमांपर्यंत असावेत. दुसरा उद्भवच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतात. पाणी उकळल्यानें जंतु मरतात, मीठ मात्र जात नाहीं, किंचित् घट्टच होतें; तुरटीनेंही जात नाहीं. वान धरणाच्या नळयोजनेचें पाणी त्या गांवीं येत असेल व उन्हाळ्यांतही नेमानें येत असेल, तर पाठविण्यास हरकत दिसत नाहीं. येत नसेल तर व्याह्यांस प्रेमानें लिहावें कीं, वैशाखांत, पहिल्या पावसापूर्वीं, ज्या विहिरीचें पाणी घरांत पितात तिची एक स्वच्छ बाटली, त्याच पाण्यानें दोनतीनदां विसळून, कांठोकांठ भरून, तारीख घालून जिल्ह्याच्या पाणीतपासणी प्रयोगशाळेंत द्यावी. आश्विनांतली बाटली या कामीं उपयोगाची नाहीं. उत्तर येईपर्यंत माहेरच्यांनीं लेकीस ठेवून घेतलें, तर व्याही रागावतील असें आम्हांस वाटत नाहीं.